दिसणं कुठे थांबलं, ते आधी शोधा

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून मला जसा कळला तसा आधी मांडते. एका परिचिताने मोबाइलवर टिपलेला ४८ सेकंदांचा व्हिडिओ तुमच्याकडे आहे. बसून आंदोलन करणाऱ्यांना पोलीस हटवतात, एक माणूस खाली पडतो आणि पडल्यावरही त्याच्यावर काठ्या पडत राहतात. त्यातून तुम्हाला व्हिडिओ शिल्प करायचं आहे. नऊ जुने ट्यूबचे टीव्ही एकावर एक रचायचे, सगळ्यांवर हीच चित्रफीत मंद गतीने, चेहरे आणि काठ्या पिक्सेलच्या ठोकळ्यांनी झाकलेल्या, खाली एक घुमणारा आवाज, आणि हे दिवसभर अखंड चालू. शेवटची अकरा सेकंदं तुम्ही कापून टाकली आहेत, कारण तुमच्याच शब्दांत ‘त्यात काहीच दिसत नाही’. आणि विचारताय, मारहाण दाखवावी की झाकावी, झाकणं ही पळवाट तर ठरणार नाही, आणि नऊ टीव्ही पुरतील का.

हलती प्रतिमा आणि वस्तू एकत्र बांधायचं काम मी बरीच वर्षं करत आले आहे, त्यातला बराचसा भाग अशाच चित्रणावर. ‘दाखवावं की झाकावं’ या पेचात प्रत्येक जण अडकतो. पण तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की या घटनेत पाहणं नेमकं कुठे अडलं, आणि कोणी अडवलं? त्याचं उत्तर हाती आलं की पडदे किती, गती काय, काय झाकायचं, हे बहुतेक त्यातूनच ठरत जातं. ते न शोधता चढवलेले पिक्सेलचे ठोकळे म्हणजे नक्षीकाम. प्रेक्षकाला त्यातून एवढंच कळतं की कलाकाराने इथे काहीतरी धूसर केलं आहे.

आता त्या अकरा सेकंदांकडे या. तुम्ही लिहिलंय की फोन एकदम खाली जातो, क्षणभर जमीन आणि कुणाचे तरी बूट दिसतात, मग पडदा काळा होतो आणि आवाज मात्र चालू राहतो. म्हणजे चित्रण करणाऱ्याने फोन खिशात टाकला. त्याला कुणी पाहिलं असेल, कुणी ओरडलं असेल, किंवा तो पळत सुटला असेल. तुमच्या सगळ्या ऐवजात पाहण्याची मर्यादा खरोखर कुठे नोंदली गेली असेल तर ती इथे. ती कुणी संगणकावर बसून तयार केलेली नाही. पाहणाऱ्या माणसाला पाहणं थांबवावं लागलं, आणि थांबवावं लागलं ते समोरच्या सत्तेच्या धाकाने. तुम्ही हा खरा अंधार फेकून दिलात आणि जिथे स्वच्छ दिसत होतं तिथे नकली अंधार घातलात. मी तुमच्या जागी असते तर कामाची सुरुवात याच तुकड्यापासून केली असती.

मर्यादेला पत्ता असतो, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. धूसरपणा हा काही वातावरणाचा गुण नाही. तो कुठून तरी येतो. अंतरातून येतो, भिंगातून येतो, कायद्यातून, फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, कॅमेरा कुणाच्या छातीवर बसवला आहे त्यावरून. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचंच घ्या. त्यात समोरचा माणूस पूर्ण दिसतो, पण कॅमेरा ज्याच्या छातीवर आहे त्याचं शरीर जवळजवळ कधीच दिसत नाही. झालंच तर हात दिसतात. अशा अनेक कॅमेऱ्यांत बटण दाबण्यापूर्वीची काही सेकंदं साठवलेली असतात, पण बहुधा आवाजाविना. मारहाणीआधी कोण काय बोललं हे म्हणूनच नोंदीत नसतं. ही त्रुटी निसर्गाने दिलेली नाही, यंत्राच्या सेटिंगमध्ये कुणीतरी ती ठरवलेली आहे.

याचं सगळ्यात नेमकं उदाहरण मला माहीत आहे ते फॉरेन्सिक आर्किटेक्चर या गटाचं, जो इमारती आणि चित्रणं यांच्या आधारे हिंसेचा तपास करतो. एयाल वाइझमन यांनी २०१० साली लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात तो सुरू केला. ३० मार्च २०१२ रोजी पाकिस्तानात उत्तर वझिरिस्तानातल्या मिरानशाह इथे ड्रोनमधून एका इमारतीवर क्षेपणास्त्र डागलं गेलं. त्या हल्ल्याचा या गटाने अभ्यास केला. अशी क्षेपणास्त्रं छत भोसकून आत जातात आणि मग खोलीत फुटतात. छताला पडणारं भोक साधारण ३० सेंटिमीटरचं. त्या काळी सर्वसामान्यांना मिळू शकणाऱ्या उपग्रह छायाचित्रांत एक पिक्सेल ५० सेंटिमीटरचा होता. म्हणजे भोक पिक्सेलपेक्षा लहान! छायाचित्र आहे, जागा बरोबर आहे, तारीख बरोबर आहे, आणि हल्ल्याची खूण मात्र एका करड्या चौकोनात विरघळून गेली आहे. वरून पाहिलं तर माणूसही साधारण तेवढ्याच चौकोनात मावतो. ५० सेंटिमीटरचा हा आकडा काही भिंगाची ताकद संपल्यामुळे आलेला नव्हता. अमेरिकी कंपन्यांना त्याहून बारीक छायाचित्रं खुलेपणाने विकायला त्यांच्या सरकारची मनाई होती. २०१४ मध्ये ती मर्यादा २५ सेंटिमीटरवर आली. इस्रायल आणि पॅलेस्टिनी प्रदेशासाठी तर १९९७ पासून वेगळाच अमेरिकी नियम होता. त्यामुळे तिथली छायाचित्रं अमेरिकी कंपन्यांकडून २०२० पर्यंत दोन मीटर प्रति पिक्सेलपेक्षा बारीक मिळत नसत. आता तिथे ४० सेंटिमीटर चालतं. पिक्सेलचा आकार कायद्याने ठरतो, ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की माणूस सहजासहजी ‘मोझेक’चं, म्हणजे ठोकळ्यांनी झाकण्याचं, बटण दाबत नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी बाजू शिल्पकाराने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. त्या खोलीच्या आतलं थोडंसं चित्रण बाहेर पोहोचलं होतं. गटाने भिंतींवरचे स्फोटाच्या तुकड्यांचे ओरखडे एकेक करून नकाशावर मांडले. काही ठिकाणी ओरखडेच नव्हते. तिथे माणसं असावीत आणि भिंतीवर जायचे ते तुकडे त्यांच्या शरीरात गेले असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. भिंत इथे छायाचित्राच्या फिल्मसारखी वागली. जे कॅमेऱ्याला दिसलं नाही ते वस्तूवर उमटलं होतं. व्हिडिओला शिल्पाची गरज कुठे पडते, तर अशा ठिकाणी.

मंद गतीबद्दल मात्र मी थोडी कठोर बोलणार आहे. ३ मार्च १९९१ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग यांना केलेली मारहाण जॉर्ज हॉलिडे नावाच्या रहिवाशाने घराच्या सज्जातून व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपली. जगाने ती पाहिली. खटल्यात पोलिसांच्या वकिलांनी हीच फीत वापरली. सावकाश, फ्रेम थांबवत थांबवत. एकेका फ्रेमवर ते विचारत गेले की या क्षणी हा माणूस उठू पाहतोय का, त्याचा पाय वाकलाय का, यातून धोका दिसतो का. तुटक फ्रेमांत मारहाणीचा वेग, तिचं सातत्य आणि फटक्यांची संख्या यांचा अर्थच उडाला. एप्रिल १९९२ मध्ये प्राणघातक शस्त्राने हल्ला केल्याच्या आरोपातून चारही पोलीस सुटले. म्हणजे हिंसा झाकायला तिच्यावर ठोकळे चढवावे लागतात असं नाही, ती पुरेशी सावकाश दाखवली तरी भागतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात असंही आढळलं की तेच चित्रण मंद गतीत पाहणाऱ्यांना कृती जास्त हेतुपुरस्सर वाटते, कारण करणाऱ्याला विचार करायला वेळ मिळाला असा भास होतो. कोपऱ्यात खरी वेळ दाखवली तरी तो भास पूर्ण जात नाही. तुमच्या चित्रफितीत मंद गती कुणाच्या बाजूने झुकेल, सांगता येतं का? नसेल येत तर खऱ्या गतीला हात लावू नका. मंद गती आणि खाली घुमणारा आवाज ही जोडी प्रेक्षकाला फक्त इतकंच सांगते की आता गंभीर व्हा.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत, म्हणून इथे मी ठाम मत देणार नाही. मार खाणारा माणूस कोण आहे, तो हयात आहे का, त्याला किंवा त्याच्या घरच्यांना हे माहीत आहे का? हे चित्रण आधीच सगळीकडे फिरलेलं आहे की फक्त तुमच्याकडे आहे? प्रकरण न्यायालयात आहे का? असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय एक फ्रेमही लावू नका, आणि मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवून तिचा हॅश (फाइलवरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा) काढून ठेवा, म्हणजे ती बदललेली नाही हे पुढे दाखवता येईल. चित्रण करणारा आज सुरक्षित आहे का? माझ्या लेखी हा सगळ्यात मोठा प्रश्न, आणि नेमका तोच लोक विसरतात. फाइलमध्ये ठिकाण, वेळ आणि फोनचं मॉडेल लिहिलेलं असू शकतं. ते पुसलं तरी कोणत्या खिडकीतून किंवा कोणत्या कोपऱ्यातून चित्रण झालं हे कोनावरून काढता येतं. त्या काळ्या अकरा सेकंदांत त्याचा श्वास, कदाचित आवाजही असेल. माणूस आवाजावरून ओळखू येतो. तो ‘चालेल’ म्हणाला असेल तरी कशाला चालेल म्हणाला ते नीट विचारा. मित्राला फाइल देणं वेगळं आणि ती दालनात महिनाभर चालणं वेगळं.

चेहऱ्यांबद्दलही इथेच सांगते. ओळख लपवायची म्हणून झाकणं आणि न दिसण्याचा अनुभव द्यायचा म्हणून झाकणं, या दोन गोष्टींची तुम्ही गल्लत केली आहे. ओळख लपवायची असेल तर मोझेक भरवशाचा नाही. हलत्या चित्रात फ्रेमागणिक ठोकळ्यांमधला रंग बदलत जातो आणि त्यातून बरीच माहिती परत गोळा करता येते. तिथे सरळ भरीव रंग टाका, आणि कपडे, चाल, हातातली पिशवी हेही बघा. शिवाय कुणाचा चेहरा झाकताय हेही बघा. मार खाणाऱ्याचा, आजूबाजूच्यांचा आणि मारणाऱ्याचा, तिघांनाही तोच ठोकळा लावलात तर तिघांना एकाच पारड्यात घातल्यासारखं होतं. कायद्याने मारणाऱ्याचा चेहरा झाकणं भाग असेल तर झाका, पण मग ते कायद्यामुळे झाकलं आहे हे कामातच कळू द्या.

आणि एक विनंती, कृत्रिम बुद्धिमत्तेचं कुठलंही ‘स्पष्ट करणारं’ साधन या चित्रणावर चालवू नका. मेसेजिंग ॲपमधून फिरलेला व्हिडिओ तसाही दाबून दाबून आलेला असतो. त्यात मधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण साठवलेली असते, बाकीच्या फ्रेमांत फक्त आधीच्यापेक्षा काय बदललं त्याचा अंदाज असतो. काठी वेगाने खाली येताना जे चौकोन फुटतात ते याचेच. ती खरी मर्यादा आहे, तिला राहू द्या. स्पष्ट करणारं साधन त्या जागी कधीच न पाहिलेली बोटं आणि चेहरे रचून देतं.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: कापलेली अकरा सेकंदं परत आणा, गती खरी ठेवा, ओळख लपवणं आणि धूसरपणा वेगळे करा, आणि चित्रण करणाऱ्याची काळजी सगळ्यात आधी घ्या. आता शिल्पाकडे वळू.

टीव्ही एकावर एक रचले की शिल्प होतं हा समज फार जुना आहे आणि त्याला कारणही आहे. १९६३ मध्ये नाम जून पाइक यांनी जर्मनीतल्या वुपरताल इथे चित्र बिघडवलेले टीव्ही संच दालनात मांडले, त्याच वर्षी वोल्फ फोस्टेल यांनी न्यूयॉर्कमध्ये तसंच काही केलं. तेव्हा टीव्ही घरात येऊन बसलेली नवी सत्ता होती, तिची खोकी मोडण्यात अर्थ होता. आज ट्यूबचा टीव्ही पाहिला की लोकांना पहिल्यांदा बालपण आठवतं. तुमचं चित्रण मोबाइलचं आहे, उभ्या चौकटीचं, हातात मावणारं. ते चारास तीन प्रमाणाच्या आडव्या टीव्हीत घातलं की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणार किंवा वरचं-खालचं कापलं जाणार. त्या टीव्हीचा या घटनेशी संबंध काय, हे मला तुमच्या आराखड्यात सापडलं नाही.

वस्तूला कारण असलं की काय होतं ते अमर कंवर यांच्या ‘द टॉर्न फर्स्ट पेजेस’मध्ये दिसतं. म्यानमारमधला एक पुस्तकविक्रेता लष्करी राजवटीच्या घोषणा छापलेलं पहिलं पान फाडून पुस्तकं विकत असे, आणि त्यासाठी तुरुंगात गेला. कंवर यांनी १९ चित्रप्रवाह धातूच्या चौकटींत टांगलेल्या कागदांवर प्रक्षेपित केले. कागदच पडदा झाला. नलिनी मालानी यांनी १९९८ च्या ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’मध्ये मॉनिटर पत्र्याच्या ट्रंकांत ठेवले, घर सोडून निघालेल्यांचं सामान आणि त्यातच ती प्रतिमा, पाहायचं तर वाकायला लागतं. आणि ब्रूस नौमन यांची १९७० ची अरुंद बोळ तर दर काही महिन्यांनी मला आठवते. बोळीच्या टोकाला दोन मॉनिटर एकावर एक. एकावर रिकाम्या बोळीचं आधी केलेलं चित्रण, दुसऱ्यावर तुम्ही स्वतः, प्रवेशाच्या वर लावलेल्या कॅमेऱ्यातून, पाठमोरे. मॉनिटरकडे जितकं पुढे जाल तितके तुम्ही त्यात लहान होत जाता. नीट पाहायला जवळ जावं, तर जवळ गेल्यानेच दिसेनासं होतं. यात रक्ताचा थेंब नाही, तरी सत्तेच्या नजरेखाली चालणं काय असतं ते पाठीला कळतं. (यावरून प्रेक्षकावर थेट कॅमेरा लावायचा मोह होईल. लावू नका. आज तो कुठल्याही दुकानाच्या दारात असतो, कुणी मान वळवून बघत नाही.)

तेव्हा स्वतःला विचारा की हेच काम भिंतीवरच्या एका सपाट पडद्यावर लावलं तर काय हरवेल? काहीच हरवणार नसेल तर तुम्ही व्हिडिओ केला आहे आणि त्याला चौथरा दिला आहे. सपाट व्हिडिओ म्हणूनही तो चांगला होऊ शकतो, त्यात कमीपणा काही नाही.

तुमच्या ऐवजासाठी मला दोन दिशा दिसतात. पहिलीत वर्षानुवर्षं मी वापरत आलेली एक साधी युक्ती आहे. कुठल्याही एलसीडी पडद्याच्या पुढच्या काचेवर ध्रुवीकरण करणारी, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणारी, पातळ फिल्म चिकटवलेली असते. ती काढली की पडदा चालू असूनही फक्त पांढरा उजेड दिसतो. चित्र तिथेच असतं, डोळ्याला ते वाचता येत नाही. मग ध्रुवीकरण करणाऱ्या फिल्मचा छोटा तुकडा डोळ्यासमोर धरला की त्या तुकड्यापुरतं चित्र उमटतं. तुकडा हातात हळूहळू फिरवला तर चित्र फिकं होत जातं, आणि बऱ्याच पडद्यांवर काटकोनात आल्यावर उलटं होतं, काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. खोलीत दहा माणसं आणि फिल्म एकच असेल तर एक जण पाहतो आणि नऊ जण त्याचा चेहरा पाहतात. कोण पाहणार, किती वेळ आणि पुढे कुणाला देणार, हे त्यांचं त्यांना ठरवावं लागतं. हे जमलं तर ‘दाखवावं की झाकावं’ हा पेच तुमच्या एकट्याचा राहत नाही, तो सगळ्या खोलीचा होतो.

करताना काळजी घ्या. फिल्म एका कोपऱ्यातून, काचेला जवळजवळ समांतर ओढत, न थांबता काढायची; घाईत ओढली तर काच तडकते. मागे राहिलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून मऊ होऊ द्यायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचा, धातूने नाही. द्रव कडेच्या फटीत गेला तर पडद्यावर कायमची रेघ येते. सरावासाठी आधी टाकाऊ मॉनिटर घ्या. मात्र सावध असा, ही युक्ती बघणाऱ्याला जादूसारखी वाटते, आणि जादू वाटली की लोक फिल्म फिरवत हसतात. समोर माणूस मार खातोय आणि खोलीत हसू आहे, असं झालं तर तुम्ही हरलात. म्हणून या पडद्यावर मी मारहाणीचा भाग घेतला नसता. आधीची आणि नंतरची सेकंदं घेतली असती. माणसं बसलेली, कुणी पाण्याची बाटली पुढे देतंय, मग बूट, मग काळं.

दुसरी दिशा त्या अकरा सेकंदांची आहे आणि मला ती जास्त भावते. पडदा एकच, फोनच्याच आकाराचा, आणि तोंड भिंतीकडे, भिंतीपासून वीतभर अंतरावर. चित्र कुणालाच दिसत नाही, भिंतीवर त्याचा उजेड हलताना दिसतो. कपडे, आकाश, धावपळ यांनी त्या उजेडाचा रंग बदलत राहतो. हे तुम्ही एकदा अंधाऱ्या खोलीत करून पाहाच, किती कळतं आणि किती कळत नाही याचं नवल वाटेल. मग उजेड एकदम जातो आणि आवाज राहतो. आवाज खऱ्या पातळीवर, खिशातल्या कापडावर घासणारा, न कापलेला, न जोडलेला. आवाजातून काय सिद्ध होतं याची शंका असेल तर ध्वनीवर काम करणारे कलाकार लॉरेन्स अबू हमदान यांचं काम पाहा. सीरियातल्या सैदनाया तुरुंगात कैद्यांना डोळे बांधून, अंधारात ठेवलं जाई, म्हणून साक्ष कानाची होती. सुटून आलेल्यांच्या स्मरणातल्या कुजबुजीची पातळी त्यांनी मोजली, आणि २०११ मध्ये तिथे उठाव सुरू झाल्यानंतर ती १९ डेसिबलने खाली गेल्याचं दाखवलं. तुरुंग किती जीवघेणा झाला याचं माप त्यांनी त्या शांततेत शोधलं. तिथे एकाही जखमेचं चित्र लागलं नाही.

मारहाण अजिबात न दाखवणं पळवाट नाही का, असं तुम्ही विचारलंत. कधी कधी असते. घटना घडलीच नाही असं अधिकृतपणे सांगितलं जात असेल तर न दाखवणं सत्तेच्या पथ्यावर पडतं, तिथे स्वच्छ, पूर्ण, न झाकलेलं चित्रण हेच योग्य, आणि ते दालनापेक्षा न्यायालयात आणि वृत्तपत्रात आधी जायला हवं. पण घटना सगळ्यांना माहीत असेल, चित्रण प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेलं असेल, तर पुन्हा दाखवून तुम्ही पाहणाऱ्याला सरावलेलं करता. आल्फ्रेदो हार यांनी १९९४ च्या रवांडातल्या हत्याकांडानंतर तिथे काढलेली छायाचित्रं १९९५ मध्ये काळ्या पेट्यांत बंद करून मांडली. आत काय आहे त्याचं वर्णन झाकणावर लिहिलं, चित्र बाहेर काढलं नाही. जगाने बातम्यांत भरपूर पाहून झालं होतं आणि काही केलं नव्हतं. त्या वेळी, त्या पाहण्याला ते उत्तर होतं. दुसऱ्या वेळी तेच पळवाट ठरलं असतं.

लूपबद्दल. चित्रफीत संपताच मारहाण पुन्हा सुरू होते म्हणजे तो माणूस तुमच्या दालनात दिवसाला शेकडो वेळा पडतो. शिवाय तिथे बसणारा सुरक्षारक्षक ते दिवसभर ऐकतो, त्याने तर तिकीटही काढलेलं नसतं. मी अशा कामात मोठं मौन ठेवते. चित्रफीत एकदा चालते, मग बराच वेळ काहीच नाही. काही प्रेक्षक ती चुकवतात आणि काम बंद पडलंय म्हणून तक्रार करतात, आयोजकही कुरकुरतात. करू द्या. तासातून किती वेळा चालणार ते बाहेर लिहून ठेवा, म्हणजे ज्याला थांबायचं आहे तो थांबेल आणि ज्याला टाळायचं आहे त्याला टाळता येईल.

आता टीव्ही. नऊ नकोतच. एकच प्रतिमा नऊ वेळा दाखवली की ती नऊपट मोठी होत नाही, भिंतीवरचा नमुना होतो. नऊ पडदे मी तेव्हाच मान्य केले असते जेव्हा नऊ वेगवेगळ्या ठिकाणांहून नऊ जणांनी टिपलेलं असतं आणि एकाला दिसलं ते दुसऱ्याला दिसलं नाही असं प्रेक्षकाला चालत जाऊन जुळवावं लागलं असतं. असे आणखी साक्षीदार मिळाले तर आराखडा पुन्हा काढा. आणि तरीही ट्यूबचे संच घ्यायचे ठरवलेत तर कुठल्याही कारणाने मागचं झाकण स्वतः उघडू नका. वीज काढून ठेवल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार राहू शकतो, ते काम जाणकार दुरुस्ती करणाऱ्याचं आहे.

खरेदी करण्याआधी पुठ्ठ्याचं पूर्ण आकाराचं प्रारूप करा, आत स्वतःचा फोन ठेवा, आणि घटनेबद्दल काहीच माहीत नसलेल्या दोन-तीन जणांना एकेकटं आत सोडा. बाहेर आल्यावर ‘कसं वाटलं’ विचारू नका, सगळे ‘सुन्न झालो’ म्हणतात. तुम्ही कुठे उभे होतात, काय बघायचा प्रयत्न केलात आणि ते का दिसलं नाही, एवढं विचारा. ‘कलाकाराने झाकलं होतं’ असं उत्तर आलं तर पुठ्ठा परत कापायला घ्या. ‘ज्याने शूट केलं त्याला थांबावं लागलं’ असं कुणी स्वतःहून म्हणालं तर मग पडद्याचं माप घ्यायला हरकत नाही.